तळहात कोणत्या शाखेचा?

मी एक जुना हात आहे. खुर्चीचा हात नव्हे, की हापशाचा दांडा नव्हे; माणसाचा डावा हात, फक्त माणसाच्या अंगावर न वाढलेला. प्लास्टिक, रबर, एक तार आणि एक कडक स्प्रिंग एवढाच माझा ऐवज. सध्या माझा मुक्काम झरीच्या एका शाळेत, विज्ञानाच्या कपाटात आहे. एका बाजूला चुंबकांचा डबा आणि दुसऱ्या बाजूला बरणीतला विंचू. मित्रांनो, तुम्ही त्या विंचवाला घाबरता आणि मला हसता. विंचू बिचारा कधीच मेलेला आहे. मी मात्र अजूनही तार ओढली की उघडतो आणि सोडली की मिटतो, आणि हे मिटणेच माझ्या गोष्टीत नडले.

माझा स्वभाव जरा तिरकस आहे. फार हुशार माणसांनी मला घडवले, त्याचा हा परिणाम असावा. मध्येच एखादा शब्द लागला तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या संस्थेत झाला. तिथे वस्तूंचे डिझाइन शिकवतात आणि करतातही. डिझाइन म्हणजे नुसती रंगरंगोटी असे तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. तुम्ही ज्या बाकावर बसता त्याची उंची कुणीतरी आधी ठरवलेली असते. बसची पहिली पायरी म्हाताऱ्या माणसाला चढता येईल की नाही, बाटलीचे झाकण कोणत्या बाजूला फिरेल, मोबाइलवरचे बटण अंगठ्याखाली येईल की नाही, हे सगळे कुणीतरी बसून ठरवते. या ठरवण्याच्या पुष्कळ शाखा आहेत. आमच्या इमारतीत खाली खुर्च्या-टेबलांवाले बसत, त्यांच्या शेजारी वाहनांवाले, जिन्याजवळ खेळण्यांवाले. दागिन्यांवाले आणि कापडांवाले वरच्या मजल्यावर. वाहनांवाले खुर्चीवाल्यांना चिडवत, तुमची वस्तू जागची हलत नाही. खुर्चीवाले म्हणत, म्हणूनच तिच्यावर माणूस निवांत बसतो. अशी त्यांची सारखी थट्टा चाले. वस्तूच्या जन्माला इतकी माणसे लागतात, हे मला तिथेच कळले.

माझ्यासाठी तर बऱ्याच शाखा एकत्र आल्या होत्या. वस्तूशाखेने माझा आकार ठरवला. यंत्रशाखेने आत तार आणि स्प्रिंग बसवली. अंगमेळाची एक शाखा असते. वस्तू माणसाच्या अंगाला मानवेल की नाही, हे ती पाहते. तिने माझे वजन आणि माझा पट्टा ठरवला. रंग आणि साहित्य पाहणाऱ्यांनी मला गहूवर्णी रबराची कातडी चढवली आणि नखेसुद्धा काढली. वेष्टनवाल्यांनी इतका देखणा डबा केला, की पुष्कळांना आत काही नसते तरी चालले असते. मला बांधायचे कसे, हे चित्रांतून दाखवणारी शाखा आणखी निराळी.

आता माझी खरी जन्मकथा ऐका. संस्थेने आधी उजवा हात केला होता. माणूस उजव्या हाताने काय काय करतो, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. पेला उचलतो, पेन धरतो, सायकलची मूठ आवळतो, बादली नेतो. सगळे पकडण्याचे काम, म्हणून पकड उत्तम साधली. मग डाव्याची वेळ आली, तेव्हा कुणीतरी संगणकावर एक बटण दाबले आणि आरशात दिसावा तसा उजवा हात उलटा झाला. तो मी. माझे सगळे डावेपण त्या एका बटणाचे आहे. डावा हात दिवसभर काय करत असतो, हे कुणी पाहिले नाही. त्यांना वाटले, डावा म्हणजे उलटा उजवा.

माझे काम असे चाले. कोपराखाली मला बसवायचे आणि पट्टा पाठीवरून दुसऱ्या खांद्यात अडकवायचा. खांदा पुढे घेतला की तार ओढली जाते आणि बोटे फाकतात. खांदा ढिला सोडला की स्प्रिंग बोटांना मिटवते आणि मधली वस्तू घट्ट धरली जाते. फाकलो तरी माझी बोटे वाकडीच राहतात. माझा तळवा कधी सरळ होत नाही. हे एवढे लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

परभणीत एका मंगल कार्यालयात शिबिर होते. तिथे मला मल्लम्मा भेटली. झरीच्या सांबप्पाची बायको. उंच, हडकुळी, कपाळावर भस्माचे पट्टे. सोयाबीनच्या मळणीत तिचा डावा हात कोपराखालून गेला होता. मळणीयंत्राला इकडे हडंबा म्हणतात. मित्रांनो, त्या हडंब्याचे तोंडही कुण्या शाखेने विचार करूनच लांब ठेवले होते, पेंढी ढकलणारा हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचूच नये इतके लांब. पण लांब तोंडातून काम सावकाश होते, म्हणून यंत्राच्या मालकाने ते कापून आखूड करून घेतले. घाई त्याची होती आणि हात मल्लम्माचा गेला.

मला बांधायला अपेक्षा नावाची मुलगी होती. वस्तूशाखेची, नुकतीच कामाला लागलेली. मूळची सेलूची, त्यामुळे तिला मल्लम्माची बोली कळत होती आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"मावशी, खांदा पुढं घ्या. बघा, बोटं उघडली. आता सोडा. बघा, पकडलं की नाही!"

मल्लम्माने मला उलटसुलट करून पाहिले. माझ्या नखांवरून बोट फिरवले.

"पकडतो लय छान," ती म्हणाली. "पर ताई, ह्येचा तळहात उघडतो का?"

"उघडला की आत्ता!"

"तसं न्हाई. असा." तिने आपला उजवा हात पुढे केला, तीर्थ घ्यायला करतात तसा, पण खोलगट नाही, अगदी सपाट.

अपेक्षाने माझी बोटे ओढून पाहिली. "असा नाही उघडत, मावशी. पण तुम्हाला काय पकडायचंय ते सांगा, मी शिकवते ना."

"पकडायचं न्हाई वो. ठिवायचंय."

तेवढ्यात फोटोसाठी हाक आली. सगळ्यांना नवे हात वर करून उभे केले. मीही वर झालो. बोलणे तिथेच राहिले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली, हे मी कबूल करतो. विळा उजव्या हातात आणि पिकाचा मुठका माझ्या पकडीत, अशी मल्लम्मा शेतात चालू लागली. कापसाच्या गाठोड्याचे तोंड मी धरी. विहिरीवरून बादली आणी. आयाबाया जमून मला बघत, आणि मल्लम्मा ऐटीत खांदा पुढे घेऊन बोटे फाकवून दाखवी. सांबप्पा तर येईल त्याला सांगे, "आमच्या बाईचा हात थकतच न्हाई." तेव्हा मी फुगून गेलो होतो. कौतुक ऐकले की प्लास्टिकलाही बरे वाटते.

फक्त सकाळी ती मला खुंटीला अडकवून ठेवी. मी तिथून सारे पाहत असे.

हे घर लिंगायत. या घरात प्रत्येकाच्या गळ्यात ज्याचे त्याचे इष्टलिंग असते. मल्लम्माला ते लहानपणी माहेरी दीक्षेत मिळाले होते, आणि तेव्हापासून तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीत होते. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर ठेवायचे. उजव्या हाताने भस्म लावायचे, बेल वाहायचा, आणि मग हात छातीसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत बसायचे. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने वाहायचे, अशी ही दोन हातांची पूजा आहे. अपघातापासून मल्लम्माची ती पूजा मोडली होती. लिंग उजव्या हातावर घेतले तर वाहायला हात उरत नव्हता. जवळ पाट होता, चौरंग होता.

"पाटावर समद्यांचा देव बसतो," ती म्हणे. "माझा देव हातावर बसतो."

तिची सून त्रिवेणी मोठी मायाळू. तिने आपला हात पुढे केला होता. "आत्याबाई, माझ्या हातावर ठिवा. मी हालत न्हाई."

"तुझ्या हातावर तुझं लिंग बसंल, बाई. माझ्यासाठी तू कशाला हात आडकून ठिवतीस?"

मग ती डबी उघडून नुसते दर्शन घेई, डबी बंद करी आणि चूल पेटवायला जाई. तोंडाने कधी रडली नाही. पण ती वेळ झाली की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

एके दिवशी कणीक मळताना त्रिवेणीला एक युक्ती सुचली. तिने कणकेचा मोठा गोळा माझ्या वाकड्या बोटांमध्ये दाबून बसवला आणि वरून हाताने थापून सपाट केला. त्यावर बेलाचे पान अंथरले. झाला तळहात! मल्लम्मा पाहतच राहिली. तिने अंघोळ केली, मला बांधले, आणि डबीतले लिंग काढून माझ्यावर ठेवले. काळेभोर, गुळगुळीत, लहानशा चिंचोक्याहून थोडे मोठे. त्याला वजन असे नव्हतेच. तरी मी तसे जड काही कधी उचलले नाही.

तिने भस्म लावले. बेल वाहिला. छातीसमोर मला धरून ती बघत बसली. सांबप्पा दारात उभा राहून डोळे पुसत होता. मीही सुखावलो होतो. आपण नुसते पकडायला जन्मलेलो नाही, असे मला पहिल्यांदा वाटले.

पूजा संपली आणि ती नमस्काराला वाकली.

मित्रांनो, माणूस वाकला की त्याचे खांदे पुढे येतात. खांदे पुढे आले की पट्टा ओढला जातो. पट्टा ओढला की मी उघडतो. मला तेवढेच शिकवले होते आणि मी तेवढेच केले. बोटे फाकली, कणकेचा गोळा सुटला, आणि लिंग फरशीवर पडले. त्यावरच्या काळ्या लेपाचा टवका उडाला.

लिंगायत माणूस जिवापेक्षा लिंगाला जपतो. मल्लम्माने ते उचलून पदरात घेतले, मला सोडून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मठातले स्वामी आले. भला माणूस. त्यांनी लेप नीट करून दिला आणि समजूत घातली, "आई, भाव महत्त्वाचा. उजव्या हातावर घ्या, सून बेल वाहील." मल्लम्माने मान हलवली. पण तिने तसे केले नाही. मला पुन्हा पूजेला घेतले नाही, आणि हळूहळू शेतालाही नेईना. मी खुंटीवर लोंबकळत राहिलो.

माझी अशी गत झालेली असतानाच तिकडे मला बक्षीस मिळाले. उत्तम डिझाइनचे. त्याची फिल्म काढायला संस्थेची गाडी झरीला आली. अपेक्षा होती, आणि सगळ्या शाखांची माणसे होती. मल्लम्माला नवे लुगडे नेसायला लावले. मला धुऊनपुसून बांधले आणि माझ्या पकडीत चहाचा कप दिला. मल्लम्मा जन्मात कधी डाव्या हाताने चहा प्यायली नव्हती. पाहुण्यांच्या शब्दासाठी तेही तिने केले. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आता माझं आयका."

तिने सगळे सांगितले. लिंग, कणीक, नमस्कार. मग सपाट तळहात मागितला.

अंगमेळाच्या शाखेचा धम्मपाल खाली तिच्याजवळ बसला. त्याने तिला पुन्हा वाकायला सांगितले, पट्टा ताणलेला पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आम्ही मोजमापं घेतली ती माणूस उभा धरून, नाहीतर खुर्चीवर बसलेला धरून. मांडी घालून वाकणारा माणूस धरलाच नाही. पट्ट्याचं मी बघतो. पण तळहात माझ्या शाखेत येत नाही. तो वस्तूवाल्यांचा."

वस्तूशाखेचे सर म्हणाले, "तळहात सपाट केला तर पकड जाते. पकड ही या हाताची ओळख आहे. आणि बोटांचा बाक तारेमुळे येतो, ते यंत्रशाखेचं."

यंत्रवाला म्हणाला, "तार मी लांब करीन. पण वरचं रबर ताणून फाटेल. रबर साहित्यवाल्यांचं."

साहित्यवाल्या बाई म्हणाल्या, की रबर साच्याप्रमाणे ओततात आणि साचा वस्तूशाखा देते. वेष्टनवाला बिचारा हसवायला म्हणाला, की सपाट हात डब्यात मावणार नाही. कुणी हसले नाही. एकेकाने असे हात वर केले, आणि फिरून गोष्ट जिथून निघाली तिथेच आली.

सांबप्पा ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजे हात तुमी समद्यांनी मिळून केला, आन् तळहात कुणाचाच न्हाई?"

मग फिल्मला लागणारे ऊन उतरत चालले म्हणून पाहुण्यांनी सामान आवरले.

बाकीचे गाडीत बसले, तेव्हा अपेक्षा मागे वळून आली. "मावशी, मी करते. माझा शब्द आहे."

"कर बाई," मल्लम्मा म्हणाली. "पर लवकर कर. पूजेचं जाऊ दे, इतकी वर्षं गेली. आमच्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात. मांडी घालून. तवा डाव्या तळहातावर लिंग ठिवत्यात. तेच घिऊन माणूस जातं. मला रिकामं न्हाई जायचं."

अपेक्षाने तिचा हात धरला. उजवा.

मग वाट बघणे सुरू झाले. त्रिवेणीच्या मोबाइलवर अपेक्षाचे फोन येत. एकदा ती आनंदाने म्हणाली, की सपाट तळहाताचा एक नमुना तयार झालाय, तिच्या टेबलावरच आहे.

"मंग धाड की!" मल्लम्मा ओरडली.

"मंजुरीशिवाय बाहेर नेता येत नाही, मावशी. अंगाला बांधायची वस्तू आहे, चाचणी लागते. आणि ते विचारतात, असा हात किती जणांना पाहिजे आहे?"

"सांग, एकीला पायजे."

पुढे फोन विरळ झाले. शेवटच्या फोनवर अपेक्षा सांगत होती, की तिला आता खुर्च्यांच्या शाखेत घातले आहे, नमुना कपाटात आहे, पण ती सोडणार नाही, पुन्हा अर्ज करणार आहे. ती फोनवर रडत होती. मी तिला दोष देत नाही. थोडा देतो. नमुना पिशवीत घालून ती परभणीच्या गाडीत बसली असती, तर तिला कुणी फाशी दिली नसती. पण मी पडलो हात. नोकरी जाण्याची भीती काय असते ते मला कुठे ठाऊक!

मल्लम्मा त्या थंडीत आजारी पडली. दम लागे. परभणीला दवाखान्यात नेले, आणले, पुन्हा नेले. शेवटी ती घरीच राहिली. बाहेर कुणाचे पाऊल वाजले की त्रिवेणीला विचारी, "हात आला का गं?"

"येयलाय, आत्याबाई," त्रिवेणी म्हणे. आणि खुंटीकडे, माझ्याकडे, रागाने बघे.

हात आला नाही. मल्लम्मा लिंगैक्य झाली.

सकाळी तिला स्मशानात नेले. खड्डा खोदून तयार होता. मुलगा राजेश्वर पूर्णेला रेल्वेत नोकरीला, तो आला होता. मल्लम्माला मांडी घालून आत बसवले. सांबप्पा तिच्याजवळ खाली उतरला होता. स्वामींनी तिच्या गळ्यातली डबी उघडली आणि सवयीने म्हणाले, "डावा हात पुढं करा." म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आले आणि ते थांबले.

त्रिवेणीने पदराखालून मला काढले. तिला मला बघवत नव्हते, तरी घेऊन आली होती. दुसरे होतेच काय तिच्याकडे? सांबप्पाने मला स्वतःच्या हाताने बांधले. पट्टा नीट घेतला, बक्कल लावले. मी मिटलेला होतो. मला उघडायला खांदा पुढे घ्यावा लागतो, आणि मेलेले माणूस खांदा पुढे घेत नाही.

सांबप्पाने चिमटीत धरून तार ओढली. मी उघडलो. स्वामींनी लिंग माझ्या वाकड्या बोटांत टेकवले. सांबप्पाने तार ढिली केली तशी बोटे आवळू लागली आणि लिंग तिरपे झाले. त्याने घाईने पुन्हा तार ओढली. पुन्हा सोडली. पुन्हा ओढली. तो तार धरून असेल तोवर मी उघडा, सोडली की मूठ. सगळे बघत होते. मी जिवाच्या आकांताने उघडे राहू पाहत होतो, मित्रांनो. पण स्प्रिंग उत्तम प्रतीची होती. तिच्यासाठीच तर बक्षीस मिळाले होते.

वरून कुणीतरी म्हणाले, "राहू द्या की मुठीत. काय हुतंय त्येला."

"मुठीत कशाला?" सांबप्पा एकदम ओरडला. "चोरून न्यायलीय का ती?"

मग त्याने बक्कल सोडले, मला काढले आणि वर, उकरलेल्या मातीच्या ढिगावर ठेवले. मल्लम्माच्या थोट्या हाताखाली त्याने आपला डावा तळहात नेला आणि सपाट उघडून धरला. "ठिवा ह्येच्यावर," तो म्हणाला. स्वामींनी लिंग त्याच्या तळहातावर ठेवले.

वरून भस्म पडू लागले, मीठ पडले, बेल पडला. मग माती. ती मल्लम्माच्या मांडीवर चढली, सांबप्पाच्या मनगटाला लागली. तो हलला नाही. लोक ओंजळीने हळूहळू लोटत होते, तरी माती वर येतच होती.

"अप्पा, हात काढा आता," राजेश्वर म्हणाला.

"थांब जरा."

"अप्पा."

"थांब म्हनलं ना!"

शेवटी स्वामींनी खाली वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा सांबप्पाने तळहात खालून सरकवत सरकवत काढून घेतला, एकेक बोट करून. निजलेल्या लेकराखालून आई हात काढते ना, तसा.

लिंग जागचे हलले नाही, असे त्रिवेणी नंतर सगळ्यांना सांगत असे. आयाबाया हात जोडून म्हणत, पुण्यवान होती. पण मी त्या ढिगावर पडलो होतो आणि मला तिथून दिसले. ते हलले होते. कलंडले आणि मातीत गेले, आणि वरून पुढची ओंजळ पडली. सांबप्पालाही कळले असणार, त्याच्याच तळहातावरून ते घसरले होते. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मीही हे आज पहिल्यांदाच, तुम्हाला सांगतो आहे. मल्लम्मा रिकाम्या हाताने गेली.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या शिकून अशा एखाद्या शाखेत जाल. खुर्च्या कराल, गाड्या कराल, बाटल्यांची झाकणे किंवा मोबाइलची बटणे कराल. कुणी हडंबाही कराल. काहीही करा, पण ज्याच्यासाठी करायचे त्याच्या घरी एक सकाळ जाऊन बसा. तो उठतो कसा, बसतो कसा, वाकतो कुणापुढे, हे बघा. त्याच्या एका हाताला काय लागते आणि दुसऱ्या हाताला काय लागते, हे निरनिराळे विचारा. आणि उत्तर तुमच्या शाखेत बसत नसेल, तर ते दुसऱ्याच्या दारात टाकून येऊ नका. माझ्यात खोट कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी आपापले काम नीट केले होते, आणि त्यामुळेच मला इतके वाईट वाटते.

सांबप्पाला मी घरात डोळ्यांसमोर नको होतो. त्याने मला पिशवीत घालून इथे शाळेत आणून दिले. गुरुजींनी मला हातात घेऊन बोटे उघडून पाहिली आणि म्हणाले, "झकास वस्तू आहे. पोरांना काय म्हणून सांगू?"

"सांगा, हात हाय," सांबप्पा म्हणाला. "लय हुशार लोकांनी केल्याला. फकस्त माझ्या बाईला इचारायचं तेवढं राह्यलं."

तेवढे तुम्ही राहू देऊ नका.